हॉप्सचा वास केगमध्ये कसा टिकवायचा

बाटल्या धुऊन, भरून आणि बुचं ठोकून कंटाळा आला की घरी बिअर बनवणारा माणूस केगकडे, म्हणजे तोटी जोडता येणाऱ्या बंद पिंपाकडे, वळतो. पहिल्यांदा फार मोकळं वाटतं, कारण एकच भांडं भरायचं आणि हवी तेव्हा तोटी उघडायची. मग हॉप्सची, म्हणजे बिअरला वास आणि कडूपणा देणाऱ्या फुलांची, पहिली निराशा येते. फर्मेंटरमधून, म्हणजे बिअर आंबवण्याच्या भांड्यातून, नमुना काढला तेव्हा पिकलेल्या आंब्याचा, संत्र्याच्या सालीचा, पाइनच्या चिकाचा वास घमघमत होता. केगमध्ये पहिले काही दिवस छान गेले. तिसऱ्या आठवड्यात ग्लासात उरली ती गोडसर, मधाकडे झुकणारी, मुकी बिअर.

माझा तिसरा केग असाच गेला. गढूळ, पिवळीधमक आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची बिअर होती. अठराव्या दिवशी ग्लास खिडकीपाशी धरला तर पिवळेपणा जाऊन ओल्या पुठ्ठ्यासारखा करडा-तपकिरी रंग आलेला. हॉप्स कमी पडले असं समजून पुढच्या खेपेला दीडपट घातले. तीही तशीच गेली, फक्त जास्त तुरट लागली. चूक हॉप्सच्या मापात नव्हतीच. केगचं झाकण उघडं ठेवून, वरून नळी सोडून, मी वीस मिनिटं बिअर त्यात पडू देत होतो. वास त्या वीस मिनिटांतच गमावला होता, मला कळायला फक्त अडीच आठवडे लागले.

म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्यांना माझं सांगणं आहे की हॉप्स वाढवण्याआधी हवा थांबवा. पुढचं जवळजवळ सगळं त्याबद्दलच आहे.

वास जातो कुठे

तो तीन वाटांनी जातो. पहिली वाट उडून जाण्याची. हॉप्सच्या तेलातलं मिर्सिन फार उडतं असतं. उकळीत ते टिकत नाही आणि फर्मेंटेशनच्या बुडबुड्यांबरोबरही निघून जातं. लिनालूल, जिरॅनिऑल यांसारखी द्रव्यं बिअरमध्ये जास्त विरघळतात, त्यामुळे ती थोडी जास्त थांबतात. एअरलॉकमधून, म्हणजे फर्मेंटरचा गॅस बाहेर सोडणाऱ्या पाण्याच्या झडपेतून, येणाऱ्या वासाने खोली भरून गेली की आपल्याला आनंद होतो, पण तो वास बिअरमधून गेलेला असतो.

दुसरी वाट शोषलं जाण्याची. यीस्ट तळाशी बसताना काही तेलं बरोबर घेऊन जातं. प्लॅस्टिकच्या नळ्या आणि रबरी ओ-रिंगही तेलं ओढून घेतात. याला फारसा इलाज नाही आणि नुकसानही बेताचं असतं.

तिसरी वाट ऑक्सिजनची, आणि खरी लूट इथे होते. आकडे पाहिले की अंदाज येतो. चांगल्या व्यावसायिक ब्रुअरी भरलेल्या बिअरमध्ये एकूण ऑक्सिजन १०० पीपीबीच्या, म्हणजे लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या आत ठेवायला धडपडतात. कित्येक तर ५० च्या आत. आता १९ लिटरच्या केगमध्ये झाकणाखाली एक लिटर साधी हवा राहिली असं धरा. त्यात सुमारे २८० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. तो सगळा बिअरमध्ये मुरला तर लिटरमागे साडेचौदा मिलिग्रॅमच्या वर जातो, म्हणजे त्या मर्यादेच्या जवळजवळ दीडशे पट. भरपूर हॉप्सच्या बिअरला हे आणखी बाधतं, कारण हॉप्समधून मँगनीजही बिअरमध्ये उतरतं आणि असे धातू ऑक्सिडेशनला वेग देतात. लोखंड आणि तांबंही तेच करतात.

शिळ्या बिअरला पुठ्ठ्यासारखा वास येतो असं पुस्तकांत असतं. तो येतोही, ट्रान्स-२-नोनेनल नावाच्या द्रव्यामुळे. पण हॉप्सच्या बिअरमध्ये त्याच्या बऱ्याच आधी फळांचा टवटवीतपणा जातो, मग मध किंवा कॅरॅमलसारखा गोडवा पुढे येतो, आणि गढूळ बिअर असेल तर रंग काळवंडतो. पुठ्ठ्याची वाट पाहत बसलात तर उशीर झालेला असतो.

केग तपासून घ्या

घरगुती कामासाठी बहुतेक जण कॉर्नेलियस पद्धतीचा १९ लिटरचा स्टीलचा केग वापरतात. त्याला दोन पोस्ट, म्हणजे नळ्या जोडायची तोंडं असतात. गॅस पोस्टखाली आखूड नळी असते आणि लिक्विड पोस्टखाली तळापर्यंत जाणारी लांब नळी. पोस्टवर बसणाऱ्या नळीच्या टोकाला डिस्कनेक्ट म्हणतात. बॉल लॉक प्रकारात करडा डिस्कनेक्ट गॅसचा आणि काळा बिअरचा असतो. गॅस पोस्टच्या बुडाशी खाचा असतात, त्यावरून तो ओळखता येतो. चुकीच्या पोस्टवर डिस्कनेक्ट दाबून बसवला तर काढताना घाम फुटतो, तेव्हा सुरुवातीलाच दोन्ही पोस्टवर खुणेची चिकटपट्टी लावा.

ओ-रिंग पाच असतात: झाकणाची एक मोठी, दोन्ही पोस्टच्या बाहेर एकेक, दोन्ही नळ्यांच्या गळ्याशी एकेक. जुना केग घेतला असेल तर पाचही बदला. मग रिकाम्या केगमध्ये ३० पीएसआय (दाबाचं एकक) दाब भरून झाकण घट्ट बसू द्या आणि साबणाचं दाट पाणी ब्रशने झाकणाच्या कडेला, पोस्टवर, रिलीफ व्हॉल्व्हवर (दाब सोडण्याच्या झडपेवर) लावा. मोठे बुडबुडे लगेच दिसतात. बारीक गळती मात्र मोहरीएवढ्या फेसाच्या ठिपक्यासारखी हळूहळू वर येते. म्हणून निदान दोन मिनिटं नजर हटवू नका. दाब भरून रात्रभर ठेवलेला केग सकाळी तेवढ्याच जोराने फुसकारला तरच त्यावर भरवसा ठेवा.

सिलिंडर नेहमी उभा आणि पट्ट्याने बांधलेला असावा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो आणि बंद, खालच्या खोलीत साठला तर जिवावर बेतू शकतं. काम करताना खिडकी-दार उघडं ठेवा.

हॉप्स कधी, किती, किती वेळ

हॉप्सच शिळे असतील तर पुढची मेहनत वाया. हवा काढून बंद केलेली पाकिटं फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांच्या आसपास ठेवा. पाकीट फोडल्यावर पेलेट, म्हणजे हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या, हिरवे असावेत. तपकिरी दिसले किंवा जुन्या चीजसारखा आंबूस वास आला तर ते पाकीट वासासाठी वापरू नका. अर्धं उरलेलं पाकीट चिमटा लावून ठेवणं पुरेसं नाही. हवा काढून पुन्हा बंद करा.

उकळ संपल्यावर वॉर्ट, म्हणजे अजून न आंबलेलं माल्टचं गोड पाणी, ७५ ते ८० अंशांपर्यंत उतरवून त्यात हॉप्स घालून वीस-तीस मिनिटं ठेवले तर तेलं फारशी न उडता उतरतात आणि कडूपणाही आवाक्यात राहतो. चवीचा पाया इथे बसतो. वरचा ताजा वास मात्र ड्राय हॉपिंगचा, म्हणजे उकळ न देता, तयार होत आलेल्या बिअरमध्ये हॉप्स घालण्याचा.

ओरेगॉन स्टेट विद्यापीठातल्या स्कॉट लाफाँटेन आणि थॉमस शेलहॅमर यांनी २०१८ मध्ये कॅस्केड हॉप्सवर केलेला अभ्यास इथे कामाचा आहे. लिटरमागे ८ ग्रॅमच्या पुढे हॉप्स वाढवत गेलं तर वास त्या प्रमाणात वाढत नाही, आणि लिंबूवर्गीय फळांऐवजी चहा-पाल्यासारखी छटा पुढे येते. तुमच्या पहिल्या काही बॅचसाठी लिटरमागे ४ ते ८ ग्रॅम पुष्कळ झाले. २० लिटरला ८० ते १६० ग्रॅम.

वेळेबाबत मी ठाम आहे. पेलेट फुटून विरघळतात आणि तेलं लवकर उतरतात, त्यामुळे दोन ते तीन दिवस पुरतात. आठवडाभर ठेवून वास वाढत नाही, पाल्याचा तुरटपणा वाढतो. फर्मेंटेशन जवळजवळ संपल्यावर बिअर १५ अंशांच्या आसपास आणा, बरंच यीस्ट खाली बसू द्या, मग हॉप्स घाला. बुडबुड्यांबरोबर वास उडत नाही आणि यीस्टही कमी तेलं ओढून नेतं. झाकण उघडावं लागतंच, तर सगळे पेलेट आधी मोजून वाडग्यात तयार ठेवा, दहा सेकंदांत ओतून झाकण बंद करा. सोय असेल तर तेवढा वेळ गॅसची बारीक धार आत सोडून ठेवा.

एक धोका माहीत असू द्या. हॉप्समध्ये अशी एन्झाइम असतात जी बिअरमधल्या न आंबणाऱ्या डेक्स्ट्रिनचे तुकडे करून यीस्टला नवी साखर देतात. ब्रुअर याला हॉप क्रीप म्हणतात. थांबलेलं फर्मेंटेशन पुन्हा सुरू होतं, बिअर ठरवल्यापेक्षा कोरडी होते आणि डायअसिटिलचा लोण्यासारखा वास येऊ शकतो. म्हणून हॉप्स घालण्याआधी ग्रॅव्हिटी, म्हणजे उरलेली साखर दाखवणारी घनता, मोजा, दोन-तीन दिवसांनी पुन्हा मोजा. आकडा घसरत असेल तर थंड करण्याची घाई करू नका; तापमान थोडं वाढवून यीस्टला काम संपवू द्या.

थंड करताना एअरलॉककडे लक्ष द्या

केगमध्ये भरण्याआधी बिअर २ ते ४ अंशांपर्यंत थंड केली की हॉप्सचा गाळ तळाशी बसतो. यात एक सापळा आहे. २० अंशांवरून २ अंशांवर येताना चार लिटर रिकाम्या जागेतला वायू नुसता आकसूनच पाव लिटरने कमी होतो. शिवाय थंड बिअर वरचा कार्बन डायऑक्साइड आणखी शोषून घेते. ती पोकळी भरायला एअरलॉकमधून उलटी हवा आत येते. फ्रिजमध्ये ठेवलेल्या फर्मेंटरचा एअरलॉक उलट्या दिशेने बुडबुडताना मी पाहिला आहे. ‘बुडुक’ असा तो आवाज आला की समजायचं, ऑक्सिजन आत गेला.

सोपा उपाय म्हणजे फर्मेंटेशन जोरात असतानाच त्याचा गॅस एका निर्जंतुक, न गळणाऱ्या फॉइलच्या फुग्यात साठवायचा आणि थंड करताना तो फुगा एअरलॉकच्या जागी जोडायचा. थंड होताना फर्मेंटर त्यातला गॅस ओढून घेतो. दाब सहन करणारा फर्मेंटर असेल तर सिलिंडरमधून १-२ पीएसआय गॅस लावून ठेवा. काचेच्या कार्बॉयला (मोठ्या बाटलीच्या फर्मेंटरला) मात्र कधीही दाब देऊ नका. काच फुटते, आणि त्या जखमा फार वाईट असतात.

केगमधली हवा बाहेर काढणे

बहुतेक नवशिके इथे फसतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एक समज असा आहे की कार्बन डायऑक्साइड जड असल्यामुळे रिकाम्या केगच्या तळाशी थोडा सोडला की त्याची चादर पसरते आणि बिअर तिच्याखाली सुरक्षित राहते. तसं होत नाही. वायू एकमेकांत मिसळतात, आणि बिअर पडायला लागली की ढवळून आणखी मिसळतात.

दुसरी पद्धत केगमध्ये गॅस भरायचा, रिलीफ व्हॉल्व्हने सोडायचा, पुन्हा भरायचा. ही चालते, पण किती फेऱ्या लागतात ते बघा. ३० पीएसआय भरून सोडलं की आतला ऑक्सिजन साधारण एक तृतीयांश उरतो. सुरुवात २१ टक्क्यांपासून. एका फेरीनंतर ७, दोनांनंतर २.३, पाचांनंतर सुमारे ०.०९, आणि आठांनंतर ०.००३ टक्के. १० पीएसआयने केलं तर पाच फेऱ्यांनंतरही दीड टक्का ऑक्सिजन आत असतो. दोनदा फुस्स करून केग तयार झाला असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आठ फेऱ्यांना गॅसही अर्ध्या किलोहून जास्त लागतो.

म्हणून मी केग आधी द्रवाने काठोकाठ भरतो आणि तो द्रव गॅसने बाहेर ढकलतो. जिथे द्रव आहे तिथे हवा नाही, एवढं साधं तत्त्व. नुसता द्रव ढकलायला पन्नासेक ग्रॅम गॅस पुरतो. पायऱ्या अशा:

१. केग धुवा आणि नंतर पाण्याने विसळावं न लागणारं आम्लयुक्त सॅनिटायझर पाण्यात मिसळून अगदी तोंडापर्यंत भरा. फेस वर आला तर ओतत राहा, फेस बाहेर जाऊ द्या. फेस म्हणजे हवाच.

२. झाकण बसवा. केग थोडा तिरका करून गॅस पोस्ट सगळ्यात उंच राहील असा धरा, त्या पोस्टचा पिन दाबा आणि लिक्विड पोस्टमधून आणखी थोडं द्रावण आत ढकला. झाकणाखाली अडकलेला बुडबुडा निघून पोस्टमधून द्रावण उडायला लागलं की थांबा. आतली आखूड गॅस नळी खाली फार उतरत असेल तर तिच्या वरच्या भागात हवा अडकते. ती नळी कापून आखूड केलेली बरी.

३. गॅस पोस्टला ५ पीएसआय लावा, लिक्विड पोस्टला नळी जोडून तिचं टोक बादलीत किंवा पुढच्या केगमध्ये सोडा. द्रावण संपून नळीतून फेस आणि मग नुसता गॅस आला की काढा.

४. आता ३० पीएसआय भरून तीनदा सोडा.

एवढं करूनही १०० मिली हवा कुठे अडकून राहिली होती असं धरलं, तरी तीन फेऱ्यांनंतर तिच्यातला साधारण एकच मिलिग्रॅम ऑक्सिजन उरतो. १९ लिटरमध्ये वाटला तर ५० पीपीबीच्या आसपास, आणि त्यातलाही बराचसा बिअर भरताना बाहेर ढकलला जातो. घरच्या साधनांनी एवढं साधतं याचा मला अजूनही आनंद होतो.

सिलिंडर नसताना किंवा गॅस वाचवायचा असताना फर्मेंटेशनचाच गॅस वापरता येतो. १.०५० ग्रॅव्हिटीचा २० लिटर वॉर्ट आंबताना तीनशे लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. फर्मेंटरची नळी निर्जंतुक केलेल्या रिकाम्या केगच्या लिक्विड पोस्टला जोडा, गॅस पोस्टमधून दुसरी नळी काढून तिचं टोक सॅनिटायझरच्या बरणीत बुडवा. तळापासून गॅस चढत जातो आणि हवा बाहेर निघते. फर्मेंटरमध्ये वर भरपूर जागा ठेवा, नाहीतर फेस नळीत घुसून ती तुंबवतो आणि झाकण उडतं.

बंद वाटेने बिअर भरणे

तयार केग कोणत्याही कारणाने उघडू नका. बिअर तळाच्या नळीतून आत येणार आणि आतला गॅस वरून परत फर्मेंटरमध्ये जाणार, अशी साखळी करायची. मग फर्मेंटरमध्येही हवा शिरत नाही.

फर्मेंटर टेबलावर, केग जमिनीवर ठेवा. केगमधला दाब १-२ पीएसआयवर आणा. बिअरच्या नळीला काळा डिस्कनेक्ट लावून तो लिक्विड पोस्टवर बसवा. केगमधला गॅस नळीतून सूं करून बाहेर येईल आणि नळीतली हवा घेऊन जाईल. तो वाहत असतानाच दुसरं टोक फर्मेंटरच्या तोटीवर सरकवा. मग करड्या डिस्कनेक्टची नळी गॅस पोस्टपासून फर्मेंटरच्या एअरलॉकच्या भोकात घाला आणि तोटी उघडा. नळीत बिअर वाहताना दिसली पाहिजे, पण बुडबुडे नकोत. बुडबुडे दिसले तर कुठलातरी जोड हवा खेचतोय, क्लॅम्प आवळा.

बिअर थंड असेल तर केगच्या बाहेरून हात फिरवा. जिथपर्यंत बिअर चढली तिथपर्यंत स्टील गार आणि दमट लागतं, त्याच्या वर कोरडं आणि कोमट. ही रेघ खांद्याच्या थोडी खाली आली की तोटी बंद. तराजूवर केग ठेवून भरलं तर आणखी नेमकं कळतं. तळाचा शेवटचा अर्धा-पाऊण लिटर सोडून द्या. त्या लोभापायी हॉप्सचा चोथा केगमध्ये गेला तर पोस्ट तुंबेल.

वाटेतच तुंबलं तर केग उघडण्याचा मोह आवरा. तोटी बंद करा, काळा डिस्कनेक्ट काढून धुवा, सॅनिटाइझ करा आणि गॅसची धार सोडून पुन्हा बसवा. तोटीच्या आतल्या बाजूला बारीक स्टीलची जाळी बसवली असेल तर ही वेळ सहसा येत नाही.

भरून झाल्यावर वरच्या छोट्या जागेत ३० पीएसआय भरून चार-पाचदा सोडा आणि झाकणावर पुन्हा साबणाचं पाणी लावा.

गॅस मुरवणे

घाई नसेल तर ३ अंशांवर ११ पीएसआयच्या आसपास लावून दहा-बारा दिवस सोडून द्या, साधारण २.५ व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाच्या अडीचपट गॅस मिळतो. केग हलवून लवकर मुरवायचा असेल तर आत हवा नसल्याची खात्री हवी, नाहीतर ऑक्सिजनही तितक्याच वेगाने मुरतो. दाब जास्त झाला म्हणून सारखा रिलीफ व्हॉल्व्ह ओढणं टाळा. प्रत्येक वेळी त्या फुसकाऱ्याबरोबर हॉप्सचाच वास जातो.

थोडा सराव झाला की फर्मेंटेशन संपायला ३-४ ग्रॅव्हिटी पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१) बाकी असतानाच बिअर केगमध्ये घेऊन पहा. एका पॉइंटला साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो, आणि जिवंत यीस्ट उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतं. यासाठी ठरावीक दाबाला आपोआप उघडणारा स्पंडिंग व्हॉल्व्ह गॅस पोस्टवर हवाच.

केगमध्येच हॉप्स घालावेत का

घालता येतात आणि ताज्या वासासाठी छान मार्ग आहे. बारीक जाळीच्या स्टीलच्या डब्यात पेलेट भरायचे, डबा निम्म्याहून जास्त भरायचा नाही कारण पेलेट फुगतात. डबा रिकाम्या केगमध्येच ठेवा आणि गॅसच्या फेऱ्यांनी हवा काढा. द्रवाने भरण्याची पद्धत इथे चालत नाही, म्हणून आठ-दहा फेऱ्या किंवा फर्मेंटेशनचा गॅस. पेलेटमध्येही हवा दडलेली असते, त्यामुळे फेऱ्यांमध्ये एकेक मिनिट थांबा. तळाच्या नळीऐवजी तरंगणारी नळी वापरली तर चोथ्याचा त्रास कमी होतो.

पहिल्याच केगला हे करू नका, असं माझं मत. बंद भरणं जमल्यावर करा. आणि गॅस मुरलेल्या बिअरमध्ये झाकण उघडून पेलेट टाकू नका. पेलेटच्या खडबडीत पृष्ठभागावर गॅस एकदम सुटतो आणि बिअरचं कारंजं छतापर्यंत जातं. थंडीत केगमधले हॉप्स दोन-तीन आठवडे तरी पाल्याची चव देत नाहीत, असा माझा अनुभव. केग मात्र थंडच ठेवायचा, कारण हॉप क्रीप इथेही होतो आणि उबेत केगचा दाब वाढत जातो.

काही जण भरताना पोटॅशियम मेटाबायसल्फाइट घालतात. १९ लिटरला ०.२ ग्रॅम एवढंसं. ते काही प्रमाणात ऑक्सिजन पकडतं. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइट सोसत नाही, म्हणून पाहुण्यांना सांगून ठेवा. उघड्या झाकणाने भरलेल्या केगला मात्र ते वाचवत नाही.

थंडी, नळी आणि ग्लास

तापमान दहा अंशांनी वाढलं की बिअर शिळी होण्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. भरल्यापासून संपेपर्यंत केग ३-४ अंशांवर राहिला पाहिजे. फ्रिजमध्ये जागा नसताना केग भरून ठेवण्यापेक्षा आठवडाभर थांबून बनवा.

तोटीपर्यंतच्या नळीतून ऑक्सिजन भिंतीमधून झिरपतो. सिलिकॉनची नळी यात सगळ्यात वाईट, साधी विनाइल बरी, आणि आतून अस्तर असलेली ऑक्सिजनरोधक नळी सर्वांत उत्तम. दोन-तीन दिवसांनी पहिला ग्लास काढलात तर नळीत उभी राहिलेली पहिली शंभरेक मिली बिअर वेगळी काढून तिचा वास घ्या आणि मग केगमधल्या ताज्या बिअरचा. हा फरक एकदा नाकाने ओळखला की ऑक्सिडेशनवर वेगळं काही वाचावं लागत नाही. नळ्या दर दोन आठवड्यांनी धुवा.

वाढताना बिअर फार गार नको. ३ अंशांवर वास दबलेला असतो. ग्लासात ६-७ अंशांपर्यंत आली की फुलतो. ग्लासाला भांड्यांच्या साबणाचा किंवा तेलाचा अंश नको, आणि वर थोडी जागा ठेवून ओता म्हणजे नाकाला वास मिळेल.

प्रत्येक केगला एक वही-पान द्या. भरल्याची तारीख, हॉप्सचं माप, किती फेऱ्या केल्या, आणि दर आठवड्याला दोन ओळी वासाबद्दल. पहिल्या आठवड्यातच मधाचा गोडवा आला तर हवा भरताना शिरली. पाच-सहा आठवडे वास छान राहून मग हळूहळू ओसरला तर तुमचं काम बरोबर झालंय. एकाएकी लोणी आलं तर हॉप क्रीप. फक्त पहिला ग्लास वाईट आणि दुसरा चांगला असेल तर दोष नळीचा.

केग रिकामा झाला की दाब पूर्ण सोडून लगेच उघडा आणि नाक जवळ न्या. तळाशी उरलेल्या चमचाभर बिअरचा वास केगने कसं सांभाळलं ते सांगतो. मग सगळ्या ओ-रिंग काढून हुंगा. हॉप्स त्यांच्यात इतके मुरलेले असतात की नुसत्या धुण्याने जात नाहीत. त्या कोमट क्लीनरमध्ये रात्रभर भिजवा. पुढच्या खेपेला त्याच केगमध्ये एखादी हलकी लागर भरणार असाल तर नवा संच बसवा आणि हे जुने रबर पुढच्या आयपीएसाठी डबीत ठेवून द्या.